काळ्या रंगाखालचा टाका

केलाँग, लाहौल
५ ऑगस्ट २००७

आदरणीय उस्तादजी,

अंगरूपचा जुले आणि सत श्री अकाल.

तुम्ही मंडीचं दुकान बंद करून गुरदासपूरकडे गावी गेलात, त्याला सहा वर्षं झाली. नव्या वर्षाला एक कार्ड, यापलीकडे माझं लिहिणं नाही. म्हणून हे जाड पाकीट बघून घाबरू नका. घरी सगळे बरे आहेत. मटार चांगला आला, तोडून ट्रकवर चढलासुद्धा.

कामाचं विचारायचं आहे. तुमच्या वेळी मनालीहून लेहला मोटारसायकलवर जाणारा एखादाच वेडा दिसायचा. आता जुलै लागला की रांग लागते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, खच्चराच्या पाठीवर लादतात तशा मोठ्या बॅगा. त्या बॅगा ज्या लोखंडी ब्रॅकेटवर टेकतात, ते ब्रॅकेट तुटून माझ्याकडे येतात. दिवसाला चार-पाच तरी. मी वेल्डिंगचा टाका मारून देतो, आणि परतीच्या वाटेवर तीच माणसं तोच ब्रॅकेट हातात घेऊन दारात. मजा अशी की माझा टाका शाबूत असतो आणि त्याच्याशेजारी बोटभर अंतरावर पाइप तुटलेला असतो. मग शिव्या मात्र मला.

टाका आणखी जाड मारू का? की पाइपच जाड घालू? तुम्ही सांगाल तसं करीन.

आणखी एक, सहज विचारतो. रंग आणि गंज न खरवडता वरून टाका मारला, तर तो किती दिवस धरतो?

तुमचा,
अंगरूप

•

गुरदासपूर
१९ ऑगस्ट

अंगरूप पुत्तर,

डोळे पुरते गेलेत, तेव्हा मी बोलतो आणि सूनबाई सुखमीत लिहिते. अक्षर चांगलं दिसलं तर हुरळू नकोस, ते तिचं आहे.

गाढवा, टाका जाड मारू नकोस. तू जाड मारतोस म्हणूनच शेजारी तुटतं. टाक्याची जागा दगडासारखी होते, वाकत नाही. मग सगळा हिसका शेजारच्या पाइपावर येतो. ब्रॅकेट ओझ्याने तुटत नाही, थरथरीने तुटतो. खड्ड्यात गाडी एकदा उडते, बॅग तीनदा.

म्हणून आधी थरथर मार. डावा आणि उजवा ब्रॅकेट मागून एका आडव्या पट्टीने एकमेकांना जोड. एकेकटे झुलतात, हात धरले की झुलत नाहीत. जिथे पाइप वळतो तिथे तिकोनी पट्टी बसव. बोल्टखाली रबराचा वॉशर घाल, आणि नट असा घे जो हादऱ्याने सुटत नाही. तडा गेला असेल तर त्याच्या टोकाला आधी बारीक होल मार, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग खाच पाड, लोखंड आरशासारखं होईपर्यंत ग्राइंडर फिरव, आणि मगच रॉडला हात लाव.

गिऱ्हाइकालाही शिकव. जड सामान तळाला आणि पुढच्या बाजूला. दोन्हीकडे वजन सारखं. पेट्रोलचे कॅन बॅगेला बाहेरून लटकवायचे नाहीत. रोज सकाळी निघण्याआधी बॅग दोन्ही हातांनी धरून हलवायची. खुळखुळली, तर निघायचं नाही.

आता ते तुझं 'सहज'. गंजावर मारलेला टाका म्हणजे चिखलावर उमटवलेला अंगठा. हे मी तुला दुकानातल्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि कानाखाली एक ठेवून शिकवलं होतं. बावीस वर्षांनी ते पुन्हा विचारतोस? तू सहज काही विचारणारा माणूस नाहीस. काय झालंय?

निरंजन सिंग

वीरजी, शेवटचं 'काय झालंय' बापूजींनी तीनदा लिहायला सांगितलं होतं. मी एकदाच लिहिलं आहे. — सुखमीत

•

केलाँग
२ सप्टेंबर

उस्तादजी,

आडवी पट्टी घालायला लागलोय. आठ गाड्या झाल्या, त्यांतल्या सहा लेहहून परतल्या. एकही तुटली नाही. तुमचे पाय धरावेत असं वाटलं.

तुमच्यापासून काय लपवू. इथे एक अपघात झाला, म्हणून विचारलं होतं.

जुलैच्या शेवटी केरळचं एक जोडपं आलं होतं. तंकच्चनसाहेब, शाळेतले खेळाचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. आणि त्यांची बायको लीलाम्मा, तीस वर्षं दवाखान्यात नर्स. कोळिकोडहून इथवर मोटारसायकलवर! झिंगझिंगबारच्या पुढे, बारालाचा घाटाच्या चढावर त्यांचा डावा ब्रॅकेट तुटला, बॅग चाकात गेली आणि गाडी आडवी झाली. साहेबांना खरचटलं. लीलाम्मांचा पाय गाडीखाली सापडला. रस्त्याच्या कामावरची माणसं ओढून काढायला धावली, तर पडल्या पडल्या बाई ओरडल्या, "पाय ओढू नका! मांडीचं हाड मोडलंय. दोन काठ्या आणा आणि माझी ओढणी फाडा." स्वतःच्या पायाला त्यांनी स्वतः सांगून काठ्या बांधून घेतल्या. ट्रकमध्ये घालून त्यांना इथल्या दवाखान्यात आणलं. पाच दिवसांनी खाली नेलं.

अपघाताच्या आदल्या दिवशी वाटेत दारचा गावी थांबले असताना तोबदनने त्या ब्रॅकेटला हात लावला होता. काय केलं मला माहीत नाही. तार गुंडाळली म्हणे. तो तुमचाच चेला, माझा धाकटा गुरुभाऊ. नाव लिहायला हात धजत नव्हता, म्हणून आधीच्या पत्रात 'सहज' लिहिलं.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

अंगरूप

•

गुरदासपूर
१४ सप्टेंबर

अंगरूप,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. त्याच बैठकीत तोबदनला पत्र लिहवून टाकलं. तुटलेल्या लोखंडावर तार? माझ्याकडे पाच वर्षं काढलेला माणूस तार गुंडाळतो? त्याला स्पष्ट सांगितलं: हत्यारं गोणीत भर आणि पुन्हा कुणाला माझं नाव सांगू नकोस. एका बाईचा पाय गेला तुझ्या आळसापायी.

तू गुरुभावाला झाकू पाहत होतास, ते मनाला भिडलं. पण असं झाकू नये. आज झाकलंस तर उद्या दुसरा पाय मोडतो.

तू माझी लाज राखलीस.

निरंजन सिंग

•

केलाँग
२१ ऑक्टोबर

उस्तादजी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितोय. सुखमीत बहेन, तुम्हाला विनंती, हे बापूजींना पूर्ण वाचून दाखवा. मध्ये थांबू नका.

तो टाका माझा होता.

ते दोघं २६ जुलैला दुपारी माझ्याकडे आले. डावा ब्रॅकेट बोल्टाजवळ तडकला होता. माझ्यापुढे पाच गाड्या होत्या, आणि शेताच्या कडेला मटाराचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता. वीजही धड नव्हती, ठिणगी नुसती थुंकत होती. मी ग्राइंडर लावला नाही. रंगावरून, गंजावरून टाका ओढला. तो आत शिरला नाही हे मला दिसलं, उस्तादजी. रॉड उचलल्या उचलल्या दिसलं. मी काळ्या रंगाचा डबा घेतला आणि त्यावर ब्रश फिरवला.

साहेबांनी विचारलं, "लेहपर्यंत जाईल ना?"

मी म्हणालो, "लेह काय, पुढे रस्ता असता तर यारकंदपर्यंत गेला असता."

लीलाम्मा खूप हसल्या.

त्यांना दवाखान्यात आणल्याचं कळलं तेव्हा मी डब्यातून गरम थुक्पा घेऊन गेलो. तीन दिवस नेला. साहेबांनी माझे हात हातात घेतले, म्हणाले, परक्या गावात तुमच्यासारखी माणसं भेटली हे आमचं नशीब. मग पिशवीतून तुटलेला ब्रॅकेट काढला. "हा कसा तुटला हो? तुम्ही कारागीर आहात, बघून सांगा." तुकड्यावरचं काळं पापुद्र्यासारखं निघालं होतं आणि खाली गंज जसाच्या तसा. कुणीही ओळखलं असतं. मी विचारलं, "वाटेत दुसऱ्या कुणी हात लावला होता का?" ते म्हणाले, दारच्याला एकाने तार बांधली. मी तोंडाने काही बोललो नाही. फक्त मान हलवली आणि लांब श्वास सोडला. तेवढं पुरलं.

'नीट बघतो' म्हणून तुकडा घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी पुलावरून भागा नदीत टाकला.

साहेब गाडी आणायला वर गेले तेव्हा दारच्याला थांबले. चहाच्या तंबूत पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांदेखत त्यांनी तोबदनला नाही नाही ते ऐकवलं. तो उभा राहून ऐकत होता म्हणे. गाडी त्यांनी माझ्या शेडमध्ये ठेवली. मला म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात येऊन नेईन. तुमच्याशिवाय इथे विश्वास कुणावर ठेवू?"

मग तुमचं पत्र गेलं. तोबदनने दुकानाला कुलूप लावलं. मागच्या आठवड्यात मी सांगायचं ठरवून दारच्याला गेलो. तो रस्त्याच्या टोळीत दगड फोडत होता. तोंडाला फडकं, हातात घण. मला बघून नेहमीसारखी, थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून म्हणाला, "आचो, एवढ्या थंडीत कसा आलास?" मी म्हणालो, "सहजच." आणि परतीची बस धरली.

परवा कोळिकोडहून एक पार्सल आलं. केळ्याचे वेफर, आणि लीलाम्मांचं पत्र. पायात सळई घातली आहे, काठी धरून दहा पावलं चालतात. लिहितात, 'त्या घाटात सगळं वाईटच घडलं असं मी म्हणत नाही. तुम्ही भेटलात.'

मुलांनी वेफर उघडले. मी घराबाहेर जाऊन बसलो.

मी तुमची लाज राखली नाही.

अंगरूप

•

गुरदासपूर
५ नोव्हेंबर

अंगरूप,

पूर्ण ऐकलं.

मला सांगून काय होणार? ज्यांचं तू वाईट केलंस त्यांत माझा नंबर शेवटचा. माझ्याकडे माफी मागू नकोस, माझ्या खिशात ती नाही.

तुला तीन कामं सांगतो. बर्फ पडायच्या आत दारच्याला जा आणि त्याच तंबूत, माणसं भरलेली असताना, उभा राहून सांग. तोबदनला बाजूला घेऊन कानात सांगायचं नाही. त्याची लाज चव्हाट्यावर गेली, ती कानात परत येत नाही. दुसरं, त्या बाईला लिही. रंगाचा डबा, नदी, सगळं लिही. मटाराचा ट्रक लिहू नकोस, तिला तुझ्या ट्रकाशी काय देणंघेणं? तिसरं, ती गाडी झाकून ठेव आणि तिला हात लावू नकोस. मालक सांगेल ते होईल.

मी तोबदनला दुसरं पत्र धाडलं आहे. सत्त्याहत्तराव्या वर्षी मी चेल्यापुढे हात जोडले. एका बाजूचं ऐकून मी निवाडा केला, ही चूक माझी, तुझी नाही. तीही तू तुझ्या नावावर घेऊ नकोस. तुला तुझं पुरेसं आहे.

निरंजन सिंग

वीरजी, हे मी माझ्या मनाने लिहिते. बापूजींनी तुम्हाला दिलेल्या शिव्या मी गाळल्या. तोबदनभाईंच्या पत्रात मात्र एकूण एक लिहिल्या होत्या. तेव्हा वाटलं होतं, गुन्हेगारच आहे, ऐकू दे. त्या माझ्या अक्षरात आहेत. त्यांना सांगा, सुखमीतला फार लाज वाटते. — सुखमीत

•

दारचा
१८ डिसेंबर

आचो अंगरूप,

आमच्या गावचा एकजण बर्फातून चालत केलाँगला निघालाय, त्याच्या हाती देतो.

तू तंबूत उभा राहून बोललास त्या दिवशी मी काही न बोलता बाहेर गेलो. लोकांना वाटलं, मी रागावलो. कुणी म्हणालं, बघा किती मोठ्या मनाचा, एवढं होऊन एक शब्द नाही. म्हणून हे लिहितो. माझं मन मोठं नाही, आचो.

ती मंडळी माझ्याकडे थांबली तेव्हा मी ब्रॅकेट बघितला होता. नवा काळा रंग बघून मी नखाने खरवडला. खाली गंज दिसला. विचारलं, "कुणी केलं?" ते म्हणाले, "केलाँगच्या अंगरूपने." आणि मी बोट मागे घेतलं. हे काम कच्चं आहे म्हणालो, तर उस्तादांच्या थोरल्या चेल्याला मी परक्यांसमोर नागडं करणार. माझ्याकडे वेल्डिंगचं यंत्र बिघडलेलं. मागे फिरा, केलाँगला जाऊन पुन्हा करून घ्या, एवढं सांगायला हवं होतं. मी तार गुंडाळली आणि म्हणालो, "हळू जा." ती बाई म्हणाली, "हळूच जातो बाबा, म्हातारे आहोत."

साहेब माझ्यावर ओरडले तेव्हा मी गप्प बसलो, ते तुला वाचवायला नाही. ते म्हणत होते त्यातलं अर्धं खरं होतं. उस्तादजींचं पत्रही मी तसंच वाचलं. आता त्यांचं हात जोडलेलं पत्र आलंय, तेच वाचवत नाही. त्यांनाही मी हे सगळं लिहितो आहे, आणि त्या बाईंनाही. पत्ता कळव.

रस्ता उघडला की दुकान उघडीन. पण एक ठरवून टाकू. तुझं काम मला कच्चं दिसलं तर मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलेन. माझं तुला दिसलं तर तू बोल. गुरुभाऊ म्हणून गिळायचं नाही.

सुखमीत बहेनना सांग, त्यांचं अक्षर फार सुंदर आहे. शिव्यासुद्धा सुवाच्य होत्या.

तोबदन

•

केलाँग
२३ जून २००८

आदरणीय उस्तादजी,

रोहतांगचा घाट उघडून तीन आठवडे झाले. तोबदन दुकानात आहे. आतापर्यंत त्याने माझ्याकडे दोन गाड्या परत पाठवल्या. एकीचा नट मी खरंच ढिला सोडला होता. दुसरीत काही नव्हतं. मी तसं कळवलं तर निरोप आला, "नव्हतं तर बरंच झालं, पुन्हा बघितलंस ना?" मी इथून पाच-सहा जणांना एक-एक दिवस थांबवून ठेवलं. त्यातला एक पोरगा म्हणाला, "पन्नास ठिकाणी फिरलो, तुझ्यासारखा भित्रा मिस्त्री बघितला नाही." ऐकून घेतलं.

लीलाम्मांना मी नोव्हेंबरमध्येच लिहिलं होतं. हिवाळाभर हेलिकॉप्टरने टपाल आलं की पोस्टात जाऊन उभा राहायचो. पोस्टमास्तर लांबूनच मान हलवायचा. उत्तर आलंच नाही.

परवा दुपारच्या बसमधून तंकच्चनसाहेब उतरले. एकटे. मला वाटलं, पोलिसांत जाऊन आले असतील. मी तशी तयारी ठेवली होती, बायकोला सांगूनही ठेवलं होतं. ते सरळ शेडपाशी आले आणि म्हणाले, "कापड काढ." मी चहा विचारला. घेतला नाही. खुर्ची दिली, बसले नाहीत.

म्हणाले, "ब्रॅकेट नवीन कर. दोन्ही. माझ्यासमोर."

उस्तादजी, मी तेवीस वर्षं हे काम करतोय, पण त्या दिवशी पहिलाच पाइप वाकडा कापला गेला. तो बाजूला टाकून दुसरा घेतला. ते माझ्या खांद्यामागे उभे. प्रत्येक जोड ग्राइंडरने घासला की विचारायचे, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." मग ते स्वतः बोट फिरवून बघायचे. मागून आडवी पट्टी, तिकोनी पट्ट्या, रबर, सगळं घातलं. संध्याकाळ व्हायला आली. त्यांनी दोन्ही ब्रॅकेटवर आळीपाळीने उभं राहून उड्या मारल्या. साठीचा माणूस. एकही जोड कुरकुरला नाही.

मी सवयीने रंगाचा डबा उचलला.

ते म्हणाले, "नको. उघडं राहू दे. मला टाका दिसला पाहिजे."

मी म्हणालो, "साहेब, गंज चढेल."

"मग मी घासत जाईन."

ते बॅगा बांधत होते. डावी, उजवी, मग दोन्ही हातांनी धरून हलवल्या. तेवढ्या वेळात मी धीर करून विचारलं, लीलाम्मांचा पाय कसा आहे. म्हणाले, चालते, पण एक पाय आखूड पडलाय, आता गाडीवर मागे बसता येत नाही. एवढंच. मग किल्ली लावली. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मनालीत, चंदीगडमध्ये माझ्याहून चांगले कारागीर आहेत. गाडी ट्रकवर चढवून नेता आली असती. तुम्ही माझ्याकडूनच का करून घेतलंत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मी तेच म्हणत होतो. लीला म्हणाली, त्याच्याकडूनच करून घे. दुसऱ्याकडून केलंस, तर तो सुटेल."

गाडी तांदीच्या वळणापर्यंत दिसत होती.

तुमचा,
अंगरूप